माझ्या मरणाला बक्षीस मिळालं नाही

काशी गेली तेव्हा मी किन्हवलीला गिरणीत भात भरडत होतो. गिरणीवाल्याचा फोन वाजला, त्यानं तो कानाला लावला आणि मशिन बंद केलं. एवढा आवाज एकदम थांबला की माणसाला कळतंच... तरी मी म्हटलं, "बंद का केलंस? माझं अर्धं भात राहिलंय." तो म्हणाला, "बाबा, घरी जा. काकू..." मी म्हटलं, "आधी मशिन चालू कर." आणि सगळं भात भरडून, तांदूळ निराळा, कोंडा निराळा बांधून मगच टेम्पोत बसलो. लोक म्हणतात म्हातारा दगड आहे. म्हणोत. ती आधीपासून छातीत कळ येते म्हणत होती आणि दवाखान्यात चल म्हटलं की, "आधी भात भरडून आणा," हेच तिचं उत्तर. मग अर्धं भात तसंच घेऊन मी कोणत्या तोंडानं घरी जाणार होतो?

आता तिला जाऊन महिना उलटला. मी चौथी शिकलेला माणूस, लिहायची सवय नाही, ऱ्हस्व-दीर्घ नातीनं बघितलंय. पण एका पेपरात तिच्यावर चार ओळी आल्या की परदेशात गाजलेल्या मालिकेतल्या ग्रामीण अभिनेत्रीचं निधन, तिचा अभिनय जिवंत होता म्हणून. ते वाचलं तेव्हापासून माझं बूड एका जागी ठरत नाही. ओटीवर बसलो की उठावंसं वाटतं, शेतावर गेलो की परत फिरावंसं वाटतं. काशीनं अभिनय केला नव्हता. हे मी नाही सांगितलं तर दुसरं कोण सांगणार? तिथं मेलेला माणूस मी होतो.

माझं कुटुंब काशीबाई, माहेर मुरबाडकडचं. आमच्याकडे मयत झालं की बाया नुसत्या रडत नाहीत, बोलून रडतात. गेलेल्या माणसानं काय केलं, काय खाल्लं, कोणाला काय बोलला, सगळं हेल काढून सांगतात. त्यात काशीचा हात धरणारी शेणव्यापासून किन्हवलीपर्यंत कोणी नव्हती. मयताच्या घरी ती गेली की बाया सरकून तिला जागा द्यायच्या. ती मेलेल्याचं नुसतं चांगलंच सांगायची नाही. एकाचा बांध कोरायचा स्वभाव तिनं त्याच्या मयतावर सांगितला होता, आणि त्याची पोरं म्हणाली, काकी, आता बाप खरा गेल्यासारखा वाटला.

मालिकावाले आमच्या गावात आले ते भात कापून झाल्यावर. मोबाईलवर बघतात तसली मालिका. गोष्टीत एक म्हातारा शेतकरी मरतो आणि त्याचं प्रेत अंगणात ठेवलेलं असतं. प्रेताच्या जागी चादरीखाली पेंढा होता. गावातल्या बाया भोवती बसवल्या. डायरेक्टर एक मुंबईची पोरगी, पायात बूट, स्वभावानं चांगली. ती म्हणाली, "तुम्ही नेहमी रडता तशा रडा." बाया पदरात तोंड घालून हसायला लागल्या. काशी नुसती बसून राहिली. डायरेक्टरबाई तिच्याजवळ आली, तेव्हा काशीनं विचारलं, "मेलाय कोण?"

"कोणी नाही मावशी. समजायचं."

"पेंढ्याला कशी रडू? माणूस म्हायती पायजे. कसा होता, काय करत होता."

ती पोरगी घाईत होती, ऊन उतरायला आलं होतं. तिच्या तोंडून निघून गेलं, "मग समजा, तुमचे मालक गेले."

सगळ्या बायांचं हसणं थांबलं. असं कोणी बोलतं का भरल्या कपाळाच्या बाईला? माझी भावजय लक्षी तर उठून उभी राहिली. मी तिकडं टेम्पोला टेकून मालिकावाल्यांचे पोहे खात होतो. काशीनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. खूप वेळ बघितलं, बैल विकत घेताना बघतात तसं. मग तिनं पदर डोक्यावरनं पुढं ओढला आणि सुरू केलं...

"अगो बाय... माज्या सुनीच्या बापा... गावात तुजं कोणाशी पटलं नाय रे... आता मी भांडू कोणाशी रे... कढी खारट झाली नि ताट लोटलंस रे... नि मंग मागल्या दारानं येऊन टोपातली कढी वाटीनं प्यालास रे... मी पाठ करून बसले, तुला वाटलं हिला दिसत नाय रे..."

जन्मभर मला अहो-जाहो करणारी बाई, त्या दिवशी पहिल्यांदा 'रे' म्हणाली. पोहे माझ्या हातात तसेच राहिले. माझ्या आजारी आईचं डोकं मी विंचरायचो तेही काशीनं सांगितलं, आणि माझा भावाशी बांधावरनं झालेला तंटाही सांगितला, कोणाची चूक होती त्यासकट. बाकीच्या बाया आता खऱ्याच रडत होत्या. कॅमेरावाला डोळे पुसत होता. मी जिवंत उभा होतो आणि माझ्याकडं कोणी बघत नव्हतं.

नंतर लक्षीनं अंगण डोक्यावर घेतलं. "जित्या दादल्याला रडली! काय म्हणावं गो हिला?" काशी शांतपणे म्हणाली, "जित्याला रडलं की त्याचं आयुक्ष वाढतं. तुला जमत असंल तर तुज्या दादल्याला तू रड." घरी जाताना मी तिला एवढंच म्हटलं, "ताट लोटलं नव्हतं. सरकवलं होतं." ती म्हणाली, "बरं, सरकवलं होतं." थोडं चालल्यावर परत म्हणाली, "पण कढी प्यालात." कढी खारट होती, हे माझं म्हणणं आजही कायम आहे.

पुढच्या वर्षी डायरेक्टरबाईचा फोन आला. बाहेरच्या देशात जगभरच्या मालिकांना बक्षिसं देतात, त्या समारंभात आपली मालिका शेवटच्या चार-पाचात आली होती. तिकडं रात्र, इकडं सकाळ. आम्ही दोघं वाशिंदला आमच्या लेकीकडं, सुनंदाकडं गेलो, नातीनं मोबाईल टीव्हीला जोडून दिला. केवढा मांडव, केवढे दिवे! काळे कोट घातलेले बाप्ये, जमीन झाडत जाणारे झगे घातलेल्या बाया. एकेका मालिकेचा तुकडा दाखवत होते. एकीत नुसता बर्फ, एकीत पोलीस. मी दर वेळी विचारायचो, "आपलं कवा?" नात म्हणायची, "आबा, गप बसा ना." आणि एकदम भिंतीएवढ्या पडद्यावर काशीचं तोंड आलं. सगळी मालिका सोडून त्यांनी तेवढंच घेतलं होतं. खाली इंग्रजीत अक्षरं धावत होती. मी नातीला विचारलं, "काय लिवलंय?" ती म्हणाली, "तुम्ही ताट फेकलं असं लिहिलंय." म्हणजे लोटलंच्याही पुढं गेलं! तिथं बसलेला एक पांढऱ्या केसांचा गोरा रुमालानं नाक पुसत होता. मी म्हटलं, "हा का रडतो? मी याचा कोण?"

काशी म्हणाली, "त्याच्या घरी पण असंल कोणी तुमच्यासारका."

मग त्यांनी पाकीट फोडलं आणि नाव घेतलं ते बर्फवाल्यांचं. सुनंदा, जावई, नात, सगळ्यांची तोंडं उतरली. मला तर राग आला, अजून आहे. बर्फात काय होतं? नुसती माणसं चालत होती. पण काशीनं सुटकेचा श्वास टाकला आणि चहा मागितला. "बरं झालं," म्हणाली, "तुमच्या मरणावर बक्षीस नको मला."

तिच्या स्वतःच्या मयताला मात्र गाव मुकं झालं. सुनंदा रुमालात हुंदके देत होती. शिकलेल्या पोरी, त्यांना बोलून रडणं येत नाही. म्हाताऱ्या एकमेकींकडं बघत राहिल्या, कारण सुरुवात नेहमी काशीनं करायची. लक्षी म्हणाली, "रडणारीच गेली, आता रडणार कोण?"

दहाव्याला नदीवर तिचा भाऊ गणपत मुरबाडहून स्पीकर घेऊन आला. मोबाईल त्याला जोडला आणि म्हणाला, "दाजी, अक्काचा आवाज लावतो. साऱ्या जगानं ऐकलाय. तिचं रडणं तीच रडंल." माणसांनी माना हलवल्या, काही बायांनी आधीच पदर तोंडाला लावले. मी म्हटलं, "बंद कर ते."

"का? आमची बहीण नाय का ती?"

"बहीण तुजी. रडणं माजं हाय. ती मला रडली, सोत्ताला नाय."

"मग अक्काला कोण रडणार? तुमी?"

"हां, मी."

तोंडातून शब्द गेला. परत घेणं माझ्या रक्तात नाही. गणपतनं स्पीकरची वायर काढली आणि सगळे माझ्याकडं बघत उभे राहिले. मी तोंड उघडलं... आणि खोकला आला. दुसरं काही आलं नाही. लक्षी हळूच म्हणाली, "चला, भाऊजी. बाप्यांचं काम नाय ते." गणपत वायर गुंडाळत राहिला, तो बोलला असता तर बरं झालं असतं.

तेव्हापासून मी हिंडतो आहे. बांधावर जातो, कोणी नाही बघून सुरू करतो. शब्द येतात ते बॅनरवर लिहितात तसले. कष्टाळू, प्रेमळ, सुस्वभावी. कोण सुस्वभावी? काशी? तिनं ऐकलं असतं तर हसून लोळली असती. तिनं एका नजरेत माझं सगळं आयुष्य गोळा केलं, आणि मला तिच्याबद्दल बोलायला बॅनर लागतो. असं कसं? एवढी वर्षं एका घरात काढली. मी शेतातून घरी यायचो, पुन्हा घराबाहेर पडायचो. डोळे तर उघडे होते ना माझे?

मागच्या आठवड्यात सुनंदा आणि जावई आले. जावई म्हणाला, "मामा, घर रंगवून घेऊ, तुम्हाला जरा बरं वाटेल." रंगवाला मागल्या दारापासून सुरू झाला. मी बघायला गेलो. दाराच्या चौकटीजवळ, बाई खाली बसली की हात पोचेल तेवढ्या उंचीवर, भिंतीला काळे फराटे होते. काशी रोज पहाटे तिथं बसून मिश्री लावायची आणि बोट भिंतीला पुसायची. दर दिवाळीला मी चुना मारायचो, दर दिवाळीनंतर ती परत पुसायची. रंगवाल्यानं ब्रश बुडवला आणि माझ्या तोंडून निघालं, "हात लावू नको!" तो मागं सरला. मी तिथंच उंबऱ्यावर बसलो. मला रागच आला होता, नेहमीचा, तिच्यावरचाच...

"किती येळा सांगितलं गो तुला... भिंतीला बोट पुसू नको गो... पानी दारात होतं, हात धुवायचा आळस गो तुला... कोंबड्या मोजताना दर येळी एक जादा मोजायचीस गो, कोल्ह्यानं नेली तरी मोजायचीस... बाजारात भाव करताना बहिरी व्हायचीस गो... सुनीच्या लग्नात मी रडंन म्हणून मला लाकडं फोडायला धाडलंस गो..."

किती वेळ चाललं मला माहीत नाही. आवाज फाटका होता, सूर तर नव्हताच. रंगवाला ब्रश धरून उभा, जावई खाली बघत होता, सुनंदा दारात येऊन थांबली होती. पलीकडच्या घरातनं लक्षी भाकरीच्या पिठाच्या हातानं धावत आली. मला वाटलं, आता हसणार. ती हसली नाही. तशाच हातानं तिनं पदर पुढं ओढला, माझ्या शेजारी जमिनीवर बसली, आणि मी श्वास घ्यायला थांबलो तेवढ्यात तिनं मागून सूर धरला, "अगो माजे बाय गो..."

मग मी पुढचं सांगायला लागलो.