दुपारचं पाणी

मी बोलते अन् नात मोबाईलवर लिहिते. मी शाळेत गेली नाही. भूत, अंगात येणं… आम्ही बौद्ध लोक, आमच्या घरात हे कधी मानलं नाही. आजही मानत नाही. पण हे झालं, म्हणून सांगते.

आम्ही खान्देशातले, राहतो सुरतला, उधन्यात. आमचे मालक कापडाच्या लूमवर कामाला होते. ते गेले तेव्हा पोरगा, सुनील, लहान होता. मी घरी साड्यांचे धागे कापून त्याला वाढवला. नळ सकाळी थोडाच वेळ यायचा. एकटीनं भरणं व्हायचं नाही, म्हणून मी हंड्यावर वाटी वाजवून त्याला उठवायची — "पानी उनं रे, ऊठ!" उनं म्हणजे आलं, आमच्या अहिराणीत. तो झोपेतच हंडा उचलायचा.

मोठा झाला, आधी मिलमध्ये पाळी केली, मग गोव्यात बोटी दुरुस्तीच्या कामाला लागला. तिथल्या एका शेठची शिडाची बोट होती, छोटीशी. गोव्याहून आफ्रिकेला निघाले… शेठ, त्याचा मित्र अन् आमचा सुनील. मी म्हटलं, "मिल काय वाईट होती?"

"माय, तिथंही पाळीच आहे," म्हणे. "एक जण सुकाणूवर, बाकीच्यांनी झोपायचं."

जाताना सांगून गेला, किनाऱ्याला लागल्याशिवाय फोन नाही.

माघ पौर्णिमेला मी खीर केली. दुपारी ओट्यावर धागे कापत बसली होती, शेजारची मंगला बाजूला. अन् मी उठली, कोरड्या हंड्यावर वाटी वाजवली अन् ओरडली — "पानी उनं रे, ऊठ!" का, मला नाही माहीत. डोळे उघडे होते माझे.

मंगला हसली. "मावशी, नळ तर सकाळीच गेला. पानी नाही उनं, ऊन लागलं तुम्हाला."

मी पण हसली. अन् परत धागे कापायला बसली.

मग बरेच दिवस सुनीलचा फोन नाही. मी काम करायची, जेवायची. रडून काय होणार होतं?

किनाऱ्याला लागल्यावर त्याचा फोन आला, तेव्हा आधी बोटीवरचंच सांगत बसला. खिचडी अर्ध्या खाऱ्या पाण्यात शिजवायची, आंघोळ खाऱ्या पाण्याची, कपडे मिठानं पापडासारखे. झोपताना फळीला कापड बांधायचं, नाहीतर बोट कलली की माणूस खाली पडतो. मग म्हणे, "माय, एक दिवस मरत होतो."

पौर्णिमा म्हणून त्यानं दूध पावडरची खीर केली होती. खाऊन दुपारी झोपला. शेठचा मित्रही झोपलेला, शेठ वर सुकाणूवर. खाली एक पाइप निसटला अन् समुद्राचं पाणी आत यायला लागलं… आवाज नाही, काही नाही.

"तुझी वाटी वाजली," म्हणे. "पानी उनं रे, ऊठ! मी हंडा शोधायला पाय खाली टाकला, तर पाणी घोट्याच्या वर."

पाइपाची चावी बंद केली. तिघांनी संध्याकाळपर्यंत भांड्यानं पाणी उपसलं.

शेठ म्हणतो, सवय असते, स्वप्नात ऐकलं असेल. असेल. मग मी का ओरडली? मंगलाला विचारते, ती आता हसत नाही. नात म्हणते, "आजी, योगायोग."

सुनील या वर्षी परत दर्यात गेला आहे. सकाळी नळ येतो तेव्हा मी चूपचाप भरून घेते. वाटी वाजवत नाही. पाळी करून झोपला असेल पोरगा.