इसाव्याला हाय

सभा कसलीही असो, शेवटी "कुणाला काही शंका?" असं विचारलं की आमच्या आबांचा हात वर जायचा. पाणीवाटपाची सभा असो, शाळेचा पालकमेळावा असो, नाहीतर दूध उत्पादकांचा मेळावा. धोतराचा सोगा सावरत उभे राहायचे, टोपी नीट करायचे आणि म्हणायचे, "माझी एक शंका हाय." त्यामुळे पणदऱ्याच्या आसपास त्यांचं नाव पडलं शंकाआबा. मला हे नाव लग्नाच्या मांडवात कळलं. भटजींनी सवयीनं "झालं, काही राहिलं?" असं विचारलं आणि वरबापाचा हात वर गेला. शंका काय, तर नवरीनं सकाळपासून काही खाल्लंय का?

ते माझे सासरे. सासूबाई मी यायच्या आधीच गेलेल्या. घरात आबा, आमचे हे आणि गोठा. माझं माहेर पळसदेवचं, उजनीच्या पाण्याकाठचं. दारातून पाणी दिसायची सवय, आणि इथं नजर जाईल तिथं ऊस. पहिल्या दिवसांत मी शेण काढता काढता डोळे पुसायची. आबांनी एकदा बघितलं. "पाणी आठवतंय व्हय?" एवढंच म्हणाले, आणि दुसऱ्या दिवसापासून मला कॅनॉलच्या बाजूच्या रानात कामाला धाडायला लागले.

आबांच्या शंका फार हुशारीच्या असायच्या, असं कुणी समजू नये. पुष्कळदा त्या ऐकून मांडव हसायचा. लाळ-खुरकुताची लस टोचली की दूध आटतं, असं ते वर्षानुवर्षं भांडत राहिले, आणि आमच्याच गोठ्यात साथ शिरली तेव्हा तोंड पाडून डॉक्टरांना बोलावून आले. मुरघासाचं, म्हणजे आंबवून साठवलेल्या चाऱ्याचं, नाव काढलं की नाक मुरडायचे. "आंबलेलं आपुन खातो का?" मग मी त्यांना ताटातलं ताक दाखवायची. मोठ्यानं हसायचे आणि वाटी पुढं करायचे. हरायला त्यांना कधी लाज वाटली नाही. शंका मनात ठेवून घरी यायची मात्र वाटायची.

तेव्हा आमच्याकडं सगळंच बदलत होतं. ट्रॅक्टर आले तशी दावणीची खिलार बैलं बाजारात जायला लागली. गोठ्यागोठ्यात काळ्या-पांढऱ्या संकरित गाई आल्या. ह्यांनीही हौसेनं एक आणली, थेट बंगळूरकडची. ट्रकमधून उतरली ती बिचकलेली, अंग चोरून उभी. हे "हो, हो" करत होते, पण ती ढिम्म हलेना. आबा पुढं झाले, जरा विचार केला आणि म्हणाले, "आरं, लांबनं आलीय ती. तिला मराठी कसं कळंल?" मग घसा खाकरून तिला म्हणाले, "चलो बाई. पानी पीने का हय. डरो मत." गाय खरंच चालू लागली.

त्या दिवसापासून तिचं नाव बंगळूर आणि तिच्याशी बोलायचं ते हिंदीत. "बाजू सरको बाई", "उठो बाई", "सबर करो". शेजारचे गुरुजी हसून म्हणाले, "आबा, तिकडं कानडी बोलतात हो, हिंदी नाही." आबांनी क्षणभर डोकं खाजवलं. "आसू द्या. तिला बी येत नव्हती, मला बी येत नव्हती. दोघं शिकलो." मला हे वाक्य फार आवडलं होतं. परक्या गोठ्यात आलेल्या दोघींपैकी एकीला तरी तिच्यासाठी नवी भाषा शिकणारं माणूस मिळालं, असं वाटून मी तिचा थोडा हेवाही करायची.

एक शब्द मात्र आबा कधी तोंडातून काढत नसत. गाय आटली की सारं गाव म्हणायचं, भाकड झाली. आबा म्हणायचे, "इसाव्याला हाय." कुणी चुकून दुसरं बोललं की त्याला गोठ्याबाहेर नेऊन समजवायचे. "हितं नगं. जनावराला आयकू येतंय."

बंगळूर पहिल्यांदा व्याली, भरपूर दूध दिलं, आणि मग काही केल्या गाभण राहीना. डॉक्टर येऊन जायचे, आम्ही वाट बघायचो आणि ती पुन्हा माजावर येऊन उलटायची. नेमकं त्याच काळात माझ्या लग्नालाही बरीच वर्षं होऊन गेली होती. पुण्याचे दवाखाने झाले, देवधर्म झाला. बारामतीहून आत्याबाई, म्हणजे आबांची धाकटी बहीण, यायला लागल्या. आधी महिन्याकाठी यायच्या, मग दर बाजाराला. त्यांच्या जावेची भाची लग्नाची होती. दुसरी बायको करायला कायद्याची बंदी तेव्हाही होती, पण आमच्या वस्त्यांवर कायद्याला विचारून कोण काय करत होतं! एकदा ओसरीवर बसून त्या ह्यांना म्हणाल्या, "आरं, गोठ्यात एक भाकड आन घरात एक. किती दिस पोसनार?" मी आत भाकरी थापत होते. हे नुसते पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत बसले. आबा रानात होते, निदान मला तसं वाटलं.

थोड्या दिवसांनी आत्याबाईंचा सूर मऊ झाला. म्हणाल्या, "पोरगी दमलीया. म्हायेरी जाऊन ऱ्हाऊ दे थोडी. जिवाला इसावा मिळंल." आबांचाच शब्द, पण त्यांच्या तोंडी त्याचा अर्थ वेगळा होता आणि तो सगळ्यांना कळत होता. माझी पिशवी त्यांनीच भरली. त्याच आठवड्यात इंदापूरला दूध उत्पादकांचा मोठा मेळावा होता. आबा म्हणाले, "मी नेतो तिला. माझ्यासंगट येऊ दे." इंदापूरहून पळसदेव जवळ. मी समजून गेले. निघताना बंगळूरच्या कपाळावर हात ठेवला आणि ह्यांच्याकडं बघायचं टाळलं.

मेळाव्याला मांडव गच्च भरला होता. बायका एका कडेला, त्यात मी पिशवी मांडीवर घेऊन. गाई-बैलांचं पुढं काय होणार, यावर भाषणं चालली होती. खिलार दिसेनाशी होणार, उसापायी चाऱ्याला रान उरणार नाही, शिकलेली पोरं गोठ्यात हात घालणार नाहीत. सगळं खरंच होतं, पण माझं लक्ष कुठं होतं? शेवटी पुण्याचे एक डॉक्टर बोलले. भला माणूस, समजावून सांगत होता. म्हणाला, "मंडळी, धंदा टिकवायचा तर मायेत अडकू नका. भाकड जनावरं वेळेवर काढा."

मग विचारलं, "कुणाला काही शंका?"

आबा उठले. मांडवात आधीच खसखस पिकली. "माझी एक शंका हाय. भाकड म्हंजी कुनाला म्हनायचं?"

डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "आबा, जे पुढं काहीच देणार नाही ते जनावर."

"आन आजवर घरात ऱ्हायलं, जीव लावला, ते देनं न्हवं व्हय?"

"ते हिशोबात धरता येत नाही, आबा."

मागून कोणीतरी ओरडलं, "शंकाआबा, दूध इका, माया नगं!" सगळा मांडव हसला. आबा तसेच उभे होते. टोपी काढून पुन्हा घातली आणि म्हणाले, "तुमचं बराबर आसंल. माझी शंका काय फिटली न्हाय. पन बसतो."

त्या एवढ्या माणसांत कुणालाच कळलं नाही की म्हातारा गाईबद्दल बोलत नव्हता. मला कळलं. मी पिशवीत तोंड घालून रडले.

एस.टी. स्टँडवर आलो. पळसदेवकडं जाणारी गाडी फलाटाला लागलीच होती. मी तिकडं वळले. बघते तर आबा माझी पिशवी घेऊन पलीकडच्या गाडीत चढलेले आणि खिडकीतून रुमाल टाकून जागा धरताहेत.

"आबा, ती बारामतीची हाय!"

"व्हय की. घर तिकडंच हाय न्हवं आपलं?"

अंधार पडता पडता घरी पोचलो. ओसरीवर आत्याबाई होत्या, हेही होते. आबांनी पिशवी आत नेऊन खुंटीला अडकवली आणि बाहेर येऊन बहिणीला म्हणाले, "त्यो शब्द गोठ्यात चालत न्हाय. घरात बी चालायचा न्हाय." मग हातपाय धुवायला गेले. त्या भाचीचा विषय पुन्हा निघाला नाही. मला मूल झालं नाही, आणि त्यावरून आबांनी कधी शंका काढली नाही.

पुढं काही वर्षांनी आबा थकले. अंगणात खाटेवर पडून असायचे. कुणी विचारलं, कसं काय आबा, तर डोळे मिचकावून सांगायचे, "इसाव्याला हाय." एका सकाळी मी चहा घेऊन गेले तेव्हा ते झोपेतच गेलेले होते. आजही कुठल्या सभेत "कुणाला काही शंका?" ऐकलं की माझी मान वळते, तो हात शोधते. मन भरून येतं. असं वाटतं, एकदा, फक्त एकदा ती टोपी उठावी.

तेराव्याला आत्याबाई आल्या होत्या. जाताना गोठ्याकडं बघून सवयीनं बोलून गेल्या, "ही भाकड आजून ठिवलीया व्हय रं?"

मी चुलीपाशी होते. उठणार, तेवढ्यात ह्यांचा आवाज आला. आयुष्यभर जमीन उकरत बसलेला माझा नवरा उभा राहून म्हणाला, "भाकड न्हाय, आत्या. इसाव्याला हाय ती."

आबांना हे ऐकायला मिळायला हवं होतं. ते नव्हते, म्हणून मी गोठ्यात गेले, बंगळूरच्या गळ्यात हात टाकला आणि तिला सगळं सांगितलं. हिंदीत सांगितलं.