मामांची दोरी आणि माझी खळ

आता काय सांगू तुम्हाला, होटगीच्या तळ्यावर मी जी माती खाल्ली, तिची चव अजून जिभेवर आहे!

सोलापुरात घरोघरी चादरींचे माग खडखडायचे, त्या काळातली गोष्ट. आमच्याही घरी माग होते. सुमन मला पसंत होती, मी तिला. अडलं होतं ते तिच्या वडिलांपाशी. त्यांना मी मामा म्हणायचो. रेल्वेतले निवृत्त गार्ड आणि मासेमारीचे वेडे. कुण्या गोऱ्या साहेबानं विलायतेला परत जाताना त्यांना एक लवचीक काठी दिली होती. गळाला आमिष नाही बरं का, पिसांचा खोटा किडा! तो दूर पाण्यावर अलगद टेकवायचा. पण मामांची दोरी पडायची धपकन! मासे पार पलीकडच्या काठाला.

"मामा, काठीला नवी दोरी मी वळून देतो की! बुडाशी जाड, टोकाला केसागत बारीक. किडा फुलागत उतरंल."

"जमंल व्हय?"

"सुतात जन्म गेला माझा!"

"मग मासा लागू द्या, पाव्हणं. त्याच दिवशी लग्नाची तारीख काढू."

झालं! सुताचे पदर कमी करत करत मी अशी दोरी वळली, की हातातून सोडवेना.

रविवारी संध्याकाळी तळ्यावर गेलो. वारा पडलेला, पाणी केशरी, काठावर मसाल्याचा डबा घेऊन सुमन. मामांनी काठी फिरवली. काय दृश्य होतं! दोरी हवेत हळूच उलगडत गेली आणि पाण्यावर अशी टेकली, की तरंगसुद्धा उठला नाही. मी डोळे मिटले. मला थेट सनई ऐकू यायला लागली!

"अहो पाव्हणं, हितं बघा की!"

डोळे उघडले. दोरीभोवती माशांची ही झुंबड! पण किड्याकडे कुणी ढुंकून बघेना. सगळे आपले दोरी चाटतायत!

मामांनी दोरी ओढून बोटांनी चोळली. "हे बुळबुळीत काय लावलंय?"

मागावर चढवण्याआधी सुताला खळ, म्हणजे पिठाची पेज, पाजायची ही आमची पिढीजात सवय. हातांनी मला न विचारताच दोरीलाही पाजली होती!

"खळ... गव्हाच्या पिठाची," मी पुटपुटलो.

सुमन पदर तोंडात कोंबून हसत होती. मला वाटलं, संपलं सगळं. रडूच यायचं बाकी होतं.

मामांनी दोरी काठीला गुंडाळली. मग म्हणाले, "मासं धरायला आला आन् त्येंनाच जेवू घातलं! असला माणूस माझ्या पोरीला उपाशी ठेवायचा न्हाय. काढा तारीख!"

लग्नाच्या पंगतीत सुमननं स्वतःच्या हातानं माझ्यासमोर बासुंदीची वाटी सरकवली. मी तिच्याकडे बघत बघत घटाघटा पिऊन टाकली. आणखी मागितलीसुद्धा!

सगळा मांडव खो खो हसायला लागला, तेव्हा कळलं. वाटीत खळ होती!