जांभळा शेंडा पुण्याहून येईना

मी माउस डावीकडे ओढला आणि आम्ही तिघी स्क्रीनकडे बघत बसलो. बाण हलला नाही. वंदनाने चहाचा घोट घेतला. मग बाण एकदम उजवीकडे पळाला, कारण त्याआधी मी त्याला तिकडे नेलं होतं. "आता येईल तुमचं डावीकडचं," वंदना म्हणाली. आलं. सोनीमावशींनी हसू दाबायला तोंडाला पदर लावला. ते सॉफ्टवेअर मी लिहिलेलं होतं, त्यामुळे मला आधी राग आला आणि मग मीही हसायला लागले.

आमची संस्था शेतकऱ्यांकडची जुनी बियाणी जमवते. भाताच्या दाण्याचा भिंगातून फोटो काढायचा, स्क्रीनवर त्याच्या कडा, टोक, रंग यांच्या खुणा करायच्या, की सॉफ्टवेअर सांगतं, हे वाण आपल्याकडे आहे की नवीन. नवीन असेल तर पुण्याच्या शीतगृहात जातं. आधीचंच असेल तर बियाणं परत. जव्हारच्या केंद्रात हे काम वंदना करते. ती मोखाड्याची, शेतकी शिकलेली.

त्या दिवशी दुपारी चारला यंदाची यादी बंद होणार होती. सॉफ्टवेअर हळू चालतं अशी तक्रार होती म्हणून मी पुण्याहून आले होते. आणि सोनीमावशी साखरशेतहून जीपने आल्या होत्या, कारण त्यांचं बियाणं परत न्यायचा निरोप त्यांना गेला होता. सॉफ्टवेअरच्या मते त्यांचं भात आणि मोखाड्याकडून आलेलं कोळपी जातीचं एक भात एकच होतं.

मावशींनी स्क्रीनवरचा आपला दाणा पाहिला. भला मोठा, काकडीएवढा. बराच वेळ पाहून त्या म्हणाल्या, "बाय, हा माझा नाय. याचा शेंडा कुठं गेला?"

त्यांनी कमरेची पिशवी सोडून चार दाणे माझ्या तळहातावर ठेवले. प्रत्येकाच्या टोकाला जांभळा ठिपका. त्या या भाताला जांभशेंडी म्हणतात. सासूच्या सासूपासून घरात आहे. स्क्रीनवर मात्र टोक पिवळट होतं.

वंदनाचा चेहरा उतरला. शेंड्याचा रंग 'पिवळा' असं तिनेच भरलं होतं. पण तिची चूक नव्हती. हातातला दाणा बघून लिहायचं नाही, स्क्रीनवर दिसतं तेच लिहायचं, म्हणजे सगळीकडे एकसारखं होतं, असा नियम होता. नियमही माझाच.

इथे थोडं समजावून सांगते. पूर्वी आमचं सॉफ्टवेअर प्रत्येकाच्या लॅपटॉपवर होतं. याला नेटिव्ह म्हणतात. चालायचं झकास, पण जव्हारला एक आवृत्ती, मोखाड्याला दुसरी. एकच दाणा दोन तालुक्यांत दोन लांबीचा निघायचा. म्हणून आमचे प्रमुख पाटणकर सर यांनी ठरवलं, सॉफ्टवेअर पुण्यातल्या एकाच मशीनवर ठेवायचं, बाकीच्यांनी ब्राउझरमधून त्याची फक्त खिडकी बघायची. याला रिमोट म्हणतात. तुम्ही माउस हलवता, ती बातमी पुण्याला जाते, पुण्यातला बाण हलतो आणि तिथल्या स्क्रीनचं चित्र तुमच्याकडे येतं. जव्हारला रेंज मेटाकुटीला आलेली, म्हणून मी उन्हाळ्यात एक सेटिंग बदललं. चित्र लहान करून, जास्त दाबून पाठवायचं आणि इथे ताणून मोठं दाखवायचं. त्यात उजेड आणि सावली नीट राखतात, रंगाची मात्र काटकसर करतात. चित्रातल्या शेजारच्या चार ठिपक्यांना, म्हणजे पिक्सेलना, मिळून एकच रंग. माणसाचा चेहरा असा पाठवला तर कळतही नाही. त्या लहान चित्रात जांभळा शेंडा म्हणजे मुळात दोन-तीन ठिपके. तो पिवळ्यात विरघळून गेला होता. त्या सेटिंगबद्दल मीटिंगमध्ये माझं कौतुक झालं होतं.

"मग आता जांभळा भरून टाकू?" वंदनाने विचारलं.

तेवढ्याने भागणार नव्हतं. मोखाड्याचा दाणाही याच खिडकीतून पाहिला होता. त्याचाही शेंडा जांभळा असला तर दोन्ही वाणं खरंच एक. दोन्ही मूळ फोटो खऱ्या रंगात बघायला हवे होते. मी सरांना फोन लावला.

"सर, रंग पोचत नाहीये."

"कुठला रंग?"

"जांभळा."

"बाकीचे पोचतात ना?"

मला हसू फुटलं. खोकल्याचं सोंग करून मी मागणी सांगितली. चित्र दाखवायचं काम लॅपटॉपवर आणते, मोजणी आणि जुळवणी पुण्यातच राहू दे. सर भडकले. लॅपटॉपवर पुन्हा काही टाकायचं नाही, मागचा गोंधळ निस्तरायला वर्ष गेलं होतं. त्यांचं खोटं नव्हतं. मी म्हटलं, आवृत्तीचा घोळ मोजणीत होता, बघण्यात नव्हता. इथून पुण्याला फक्त खुणा जातील, एका मेसेजएवढा मजकूर.

"चारला यादी बंद होते," ते म्हणाले.

"साडेतीनला फोन करते."

अकरा वाजले होते. मी कुठलीच जुनी फाइल पुसत नाही. या सवयीची घरी-दारी थट्टा होते, पण जुन्या नेटिव्ह सॉफ्टवेअरमधला चित्र दाखवणारा भाग माझ्याकडे तसाच होता. तो उचलला आणि पुण्याच्या मशीनशी जोडायला बसले. जांभशेंडीचा मूळ फोटो वंदनाच्याच लॅपटॉपवर होता; तोवर तिने मोखाड्याच्या दाण्याचा मूळ फोटो पुण्याहून उतरवायला लावला. जड फोटो, रोडकी रेंज. फोटो किती उतरला ते दाखवणाऱ्या सरकत्या पट्टीसमोर मावशी मांडी घालून बसल्या आणि मला मधून मधून बातमी देऊ लागल्या. "अर्धी झाली." "थांबली." "चालली, चालली." दुपारच्या भाकरीचा तुकडा त्यांनी माझ्या हातात कोंबला तोही पट्टीवरची नजर न काढता.

दोन वाजता फोटो उतरला. माझी खिडकीही उघडली. डावीकडे जांभशेंडी, उजवीकडे मोखाड्याची कोळपी. डावीकडचा शेंडा गडद जांभळा. उजवीकडचा साधा पिवळा. मी माउस फिरवला तर बाण माझ्याबरोबर फिरला, फोटो मोठा केला तर लगेच मोठा झाला. मी तो उगाचच पाच-सहा वेळा मोठा-लहान केला. वंदना म्हणाली, "ताई, मला द्या ना जरा," आणि मग तिनेही केला.

तिने खुणा केल्या, पाठव दाबलं. पुण्याचं उत्तर क्षणात आलं. दाण्याची लांबी, अकरा सेंटीमीटर.

भिंगातून दाणा किती पट दिसतो तो आकडा पाठवायला मी विसरले होते. काय लिहिलंय ते मावशींना सांगितलं. त्यांनी गंभीरपणे विचार केला. "असला पिकला तर तीन दाण्यांत घर जेवंल."

त्यानंतर दहा मिनिटं कामच होईना. मी टाइप करायला हात न्यायचे आणि वंदना हातांनी अकरा सेंटीमीटर दाखवायची. डोळे पुसत पुसत मी आकडा जोडला. वंदनाने दोन्ही दाण्यांच्या खुणा नव्याने केल्या आणि पाठवल्या. तीन वाजून वीस मिनिटांनी उत्तर आलं. लांबी नऊ मिलिमीटर. जुळणारा नमुना नाही. नवीन वाण.

वंदनाने टाळ्या वाजवल्या. मी ऑफिसच्या चाकं लावलेल्या खुर्चीवरून खोलीभर एक गिरकी घेतली, आणि माझं वय पंचेचाळीस आहे. मावशी शांतपणे पिशवीची गाठ मारत होत्या.

"मावशी, तुमचं वाण वेगळं निघालं," मी म्हटलं.

"ते मी सकाळीच सांगितलं," त्या म्हणाल्या. आणि शेवटची जीप चुकेल म्हणून उठल्या.

जांभशेंडी त्या वर्षीच्या यादीत गेली, मावशींच्या नावासकट. साडेतीनला मी सरांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शाबासकी दिली. मग म्हणाले, उन्हाळ्यापासून त्या सेटिंगवर तपासलेले सगळे दाणे पुन्हा तपासावे लागतील, आणि हे काम तुमच्याइतकं चांगलं कोण करणार? मला तीन आठवडे लागले. आणखी दोन वाणं सापडली.

आता आमचं सॉफ्टवेअर असंच आहे. बघणं लॅपटॉपवर, मोजणं पुण्यात. नवीन मुलांना मी सांगते, मोजणीचं मशीन कितीही दूर ठेवा, पण ज्या गोष्टीवर माणूस डोळ्यांनी निकाल देणार ती त्याच्यासमोर खरी दिसली पाहिजे. आणि सॉफ्टवेअर तयार झालं की ज्याचा दाणा त्यालाच आधी दाखवा. उन्हाळ्यातलं ते सेटिंग मी फक्त ज्यांचा वेग वाढला त्यांना दाखवलं होतं.