वजनकाट्याचं मशीन मागे फिरेना

माझं शिक्षण चौथीपर्यंत. तरी सर्व्हर म्हणजे काय ते मला माहीत आहे, कारण सून तो आमच्या जेवणाच्या टेबलावरूनच चालवते. सर्व्हर शहराच्या दुसऱ्या टोकाला, गोरव्याच्या कारखान्यात, आणि ही इथे घरी कारेलीबागेत, मी भाजी निवडते त्या जागेवर लॅपटॉप मांडून.

त्या शनिवारी तिला संध्याकाळच्या गाडीने पुण्याला जायचं होतं. दुसऱ्या दिवशी तिच्या वडिलांचं सहस्रचंद्रदर्शन. एकुलती एक मुलगी. बॅग भरून तयार, आणि ही कपाळाला हात लावून बसलेली.

"काय मोडलं?" मी विचारलं.

"मोडलं नाही, आई. एक मशीन परत येत नाहीये."

मग तिने समजावलं. कारखान्यात दोन सर्व्हर, एक जुना, एक नवा. त्यांच्या पोटात पुष्कळ मशीनं असतात. डोळ्यांना दिसत नाहीत, पण प्रत्येकाचं काम वेगळं. चालू असतानाच ती एका सर्व्हरमधून दुसऱ्यात हलवता येतात. हिने सगळी नव्यात नेली होती. आता नव्याचा बिघडलेला भाग बदलायला दुपारी माणूस येणार, म्हणून सगळी पुन्हा जुन्यात आणायची. बाकीची आली. ट्रकच्या वजनकाट्याचं काम बघणारं तेवढं येईना.

"त्यालाच काय झालं?"

"बाकीची जुन्या सर्व्हरमध्ये सुरू झालेली. त्यांना जुन्या प्रोसेसरचीच सवय. हे एकच मी काल नव्यात बंद करून पुन्हा सुरू केलं. नव्या प्रोसेसरला जास्त गोष्टी येतात, हे त्याने बघितलं आणि त्या वापरायला लागलं. जुन्याला त्या येत नाहीत, म्हणून तो ह्याला आत घेत नाही."

"शेफारलं म्हण की. मिक्सर बघितल्यावर पाट्यावर कोण वाटतंय!"

ती हसली. "जुन्याला येतं तेवढंच दाखव, असं नव्याला आधी सांगून ठेवायचं असतं. ते माझ्याकडून राहिलं."

"मग आता सांग."

"सांगितलंय. पण ते मशीन एकदा बंद करून चालू केल्याशिवाय मानत नाही. आणि एक मिनिटही काही बंद पडणार नाही, असा मी मॅनेजरना शब्द दिलाय. सकाळपासून दुसरा मार्ग शोधतेय."

"शोधत बस. तिकडे बाप तुझ्याशिवाय ओवाळून घेईल."

"आई!"

"फोन कर त्या मॅनेजरला. बंद करावं लागेल म्हण. खाणार आहे का तो तुला?"

मॅनेजर गुजराती. तिने फोन लावला, स्पीकरवर. "साहेब, एम छे के..." करत नुसती गोल गोल फिरायला लागली. बिचाऱ्या मॅनेजरला काही कळेना. शेवटी मीच मागून ओरडले, "काटो बंद करवो पडशे, भाई! क्यारे करे?"

"आ कोण बोले छे?"

"एनी सासु."

तो खो खो हसला. "अरे बेन, तो बोलवुं हतुं ने!" मग आधीच सांगायचं ना, ट्रकचे ड्रायव्हर जेवायला बसले की काट्यावर कुणी फिरकत नाही, तेव्हा खुशाल बंद कर, म्हणाला. एवढंच. ह्या एवढ्याशासाठी बाई सकाळपासून उपाशी.

जेवणाच्या सुट्टीत तिने मशीन बंद केलं, चालू केलं आणि जुन्या सर्व्हरकडे पाठवलं. "आलं!" म्हणून अशी किंचाळली की शेजारीण गॅलरीत आली. मी तिच्यापुढे वरणभात ठेवला आणि रिक्षा बोलवायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तिचा व्हिडिओ कॉल आला. व्याही दिव्यांच्या मधोमध नवं धोतर नेसून बसलेले, आणि ही फोन फिरवून फिरवून एकेक दिवा दाखवतेय.

"मला काय दाखवतेस," मी म्हटलं, "ओवाळायला लाग." आणि फोन ठेवला.