‘डिफरन्स’वर तीन तास

बसा, चहा येतोच आहे. तोवर माझी फजिती मीच सांगतो. गावकरी सांगतात तेव्हा त्यांचे व्याकरण चुकते!

आमच्या आणे गावात अंगणवाडी सेविकेची जागा निघणार होती. शेजारच्या घरची सून मंगल, माहेर लोणीचे, हिने ती मनावर घेतली. पण अट दहावी उत्तीर्णची आणि हिची शाळा आठवीत सुटलेली. तिने बाहेरून बसण्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म भरला. इंग्रजी शिकवण्याचा भार मी आपण होऊन उचलला. इतकेच नव्हे, तिला धीर यावा म्हणून बासष्टाव्या वर्षी मीही फॉर्म भरला! शाळा मला सातवीनंतर सोडावी लागली; शब्दकोश मात्र मी कधी सोडला नाही.

आरंभ ‘डिफरन्स’पासून केला. पहिला अर्थ फरक. दुसरा, वजाबाकीचे उत्तर. तिसरा, मतभेद.

“म्हंजी भांडणबी डिफरन्सच?” भाकरी थापता थापता मंगलने विचारले.

“सौम्य भांडण!”

“मग सासूबाईंचा न् माझा रोजचाच डिफरन्स की, आबा!”

काय ही बुद्धी! अर्थ कळताक्षणी उपयोग! मी दुप्पट उत्साहाने पुढे गेलो. ‘काही बिघडत नाही’ म्हणायला हाच शब्द, ‘मोठा बदल घडवला’ म्हणायलाही हाच. महिना उलटला, शब्द संपेना.

“आबा, लई झालं. आता दुसरा शब्द घ्या की!”

“पाया पक्का नको का?”

ती शेणगोठा उरकून स्वतःच धडे वाचू लागली. त्या विषयांतराबद्दल मी तिला उदार मनाने क्षमा केली.

परीक्षेत प्रश्न आला: गाव आणि शहर यांतला डिफरन्स दहा वाक्यांत लिहा. पाहिलेत? तोच शब्द! मी विजयी मुद्रेने मागे मंगलकडे वळलो.

“ओ बाबा, पुढं बघा!” पर्यवेक्षक ओरडले.

मग मी शब्दाचे सारे अर्थ लिहिले, प्रत्येकास उदाहरण दिले, दोन पुरवण्या घेतल्या. गावापर्यंत पोहोचतो तोच घंटा झाली. शहर तर दूरच राहिले. बाकीचे प्रश्न कोरे!

बाहेर येताच मंगलला विचारले, “तू काय लिहिलेस?”

“गावाला पाणी टँकरनं येतं, शहरात नळानं. गावात समदे वळखत्यात, शहरात शेजारीबी न्हाई. अशी दहा वाक्यं लिवली अन् पुढच्या प्रश्नाला गेले.”

“केवळ दहा?”

“दहाच मागितली व्हती, आबा.”

निकाल लागला. मंगल सर्व विषयांत उत्तीर्ण! मीही उत्तीर्ण, एक विषय सोडून. कोणता, ते कृपया विचारू नका.

जागा तिलाच मिळाली, आणि तिने ती अशी सांभाळली की रडत आलेली पोरे घरी जाताना रडू लागली. ऑक्टोबरच्या परीक्षेसाठी रोज दुपारी, पोरे गेल्यावर, मी तिच्यापुढे सतरंजीवर बसू लागलो.

“उत्तर दोन ओळींत, आबा.”

मी तिसरी ओळ सुरू केली. बाईंनी पेन काढून घेतले.