कूलरच्या ट्रॉलीवरचा फिल्टर

जिन्याची रेलिंग, बायकोचं देवघर, घरातले दोन्ही कूलर, गेटची कडी आणि गच्चीच्या पाण्याचा फिल्टर. अधारतालच्या आमच्या घरात एवढ्या वस्तू मी माझ्या हाताने बनवल्या आहेत. कोणी शिकवलं नाही... उघडत गेलो, बघत गेलो, जमत गेलं.

आज त्यातल्या फिल्टरबद्दल लिहितो, कारण गेल्या मंगळवारी त्याच्यामुळे एक अजबच प्रसंग आला.

घर बांधलं तेव्हा नगर निगमचा नियम होता की गच्चीवरचं पावसाचं पाणी जमिनीत सोडायचं. नकाशा पास करताना त्यासाठी अमानत म्हणून पैसे भरून ठेवायचे, काम झाल्याचा फोटो दाखवला की ते परत. नियम मला पटला. पुष्कळ लोक एक पाइप मातीत खुपसतात आणि फोटो काढतात... मी म्हटलं, करायचंच आहे तर नीट करू.

निळा ड्रम घेतला. तळाशी जाड गिट्टी, त्यावर बारीक गिट्टी, मग कोळसा, मग धुतलेली वाळू, आणि सगळ्यात वर मच्छरदाणीची जाळी. सुरुवातीच्या सरी गच्चीची सगळी धूळ घेऊन येतात, ते पाणी बाहेर सोडायला वेगळा व्हॉल्व्ह... हाच लोक हमखास विसरतात.

वाळू दरवर्षी काढून धुवावी लागते, म्हणून ड्रम जुन्या कूलरच्या ट्रॉलीवर बसवला. आतले थर दिसावेत म्हणून समोर ॲक्रिलिकची पट्टी लावली. गाळलेलं पाणी आधी मातीतच मुरायचं, मागच्या पावसाळ्यापासून ते आमच्या आटलेल्या बोअरमध्ये उतरतं.

भिंतीपलीकडे वानखेडे काकू एकट्या राहतात. त्यांच्या अंगणातली हापशी दर उन्हाळ्यात आटायची, आणि काकू दुखरे गुडघे घेऊन कोपऱ्यावरच्या टँकरपासून बादल्या आणायच्या. मी असलो तर मी आणून द्यायचो, पण दुकानात गेल्यावर कोण?

यंदा मे महिन्यात त्यांनी भिंतीवरून हाक मारली. "काहून रे भाऊ, हापशी यंदा आटून नाही राहिली... तू काही केलं काय?"

झालं, प्रश्न डोक्यात घुसला! आमच्या बोअरमध्ये सोडलेलं पाणी खडकाच्या भेगांमधून काकूंच्या हापशीला मिळत असेल का? जमिनीखाली पाणी कुठे वळतं, ते वरून कसं ओळखायचं?

आधी त्यांच्या हापशीचे वॉशर बदलून दिले, म्हणजे वॉशरचा संशय नको. मग रोज सकाळी काकू दांडा मारायच्या आणि मी भिंतीच्या अलीकडून मोजायचो, कितव्या दांड्याला धार लागते. बायको म्हणाली, "लोक सकाळी योगा करतात, आमच्याकडे दुसऱ्याच्या हापशीचे दांडे मोजून राहिले."

धार रोज लवकरच लागत होती. पण मागच्या वर्षी पाऊसही चांगला झाला होता... मग श्रेय पावसाचं की फिल्टरचं? कळायचं असेल तर एक पावसाळा फिल्टर काढून ठेवायचा आणि पुढच्या उन्हाळ्यात हापशी बघायची. तेही अर्धंच उत्तर, पण काही नसण्यापेक्षा बरं.

मी या विचारात, आणि मंगळवारी एक ठेकेदार दारात हजर. नवीन कॉलन्यांमधल्या घरांचे नकाशे, परवानग्या अशी कामं तो करतो. फिल्टरभोवती फिरला, वाकून पट्टीतून आत पाहिलं, ट्रॉली मागे-पुढे ढकलली आणि एकदम खूश झाला.

"भाईसाहब, बरसात भर के लिए किराये पर दे दीजिए," असं म्हणून त्याने आकडाही सांगितला. " एक-एक घर के सामने खड़ा करेंगे, फोटो खींचेंगे, आगे बढ़ेंगे।"

मला आधी समजलंच नाही. एकच फिल्टर आणि फोटो इतक्या घरांचे? मी म्हटलं, "हर घर का अलग बना देता हूँ। पाइप भी मैं ही जोड़ूँगा।"

"अरे, जोड़ना किसको है?" तो हसला. "पहिए आपने इसीलिए तो लगाए हैं!"

राग यायला हवा होता. पण त्याच्याही आधी मला माझा प्रश्न आठवला... फिल्टर पावसाळाभर बाहेर गेला, तर उत्तर आपोआपच मिळणार होतं.

ठेकेदाराच्या हातात चहा दिला आणि भिंतीशी गेलो. काकू ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. त्यांना सगळं सांगितलं, माझ्या प्रयोगासकट.

"म्हणजे तुले उत्तर भेटन, अन् मी पुन्हा टँकरवर जाईन," काकू म्हणाल्या. "लईच हुशार झाला रे!"

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. सुपातला एक खडा बाजूला टाकला आणि हळूच म्हणाल्या, "दे बाप्पा, तुले वाटत असन तर. ड्रम तुझा आहे."

टोमण्याचं काही नाही, पण ही परवानगी फार लागली मला...

परत येऊन ट्रॉलीच्या चाकांखाली विटा लावल्या. ठेकेदार चहा पीत बघत होता. वाळू धुऊन झाली आहे, जाळी नवीन बसवली आहे, आता आभाळाची वाट बघतोय.

पाणी खरोखर भिंतीपलीकडे जातं का, हे मला अजून माहीत नाही. जमिनीखालच्या पाण्यातलं ज्यांना कळतं त्यांनी कमेंटमध्ये जरूर सांगा, फिल्टर न काढता हे तपासायचा काही मार्ग आहे का? मला मनापासून जाणून घ्यायचं आहे.

आणि हो, ठेकेदाराने गेटमधून बाहेर पडताना आकडा पुन्हा एकदा सांगितला. पावसाळाभर फक्त ड्रम द्यायचा, भाडं चाळीस हजार रुपये. मी नाही म्हटलं.